खड्ड्यातलं पीठ

प्रताप नगर, नागपूर
२७ एप्रिल

दादा,

रातभर झोपली नाही. लेटून होती, पण डोळा लागू दिला नाही. झोपली अन् सकाळी उठलीच नाही तर, असं भेव बसलं हाये मनात. रितिका माहा गाऊन मुठीत धरून झोपली होती. पाणी प्यायले उठाचं होतं, पण तिची मूठ सोडवाले जीव नाही झाला.

सांगूनच टाकते. जिना चढताना मले जो दम लागे, तो अशक्तपणाचा नाही. छातीतली एक झडप खराब झाली. लहानपणी मले तो ताप आलता न, गुडघे सुजले होते, तू मले पाठीवर घेऊन फिरे, त्याच तापानं केलं म्हणते डॉक्टर. छाती उघडून झडप बदलावी लागन. मी विचारलं, सगळे वाचतात का? तो म्हणे, "बहुतेक सगळेच." दादा, ते 'बहुतेक' मच्छरासारखं कानाशी फिरून राहिलं.

ह्यायले मी सगळं नाही सांगतलं. हे इतवारीतून टेम्पो भरून गावोगाव जातात, हातात स्टिअरिंग असते. "लहान ऑपरेशन हाये" एवढंच म्हटलं. तुले सगळं सांगून राहिली, कारण तू हे वाचणार नाही. तुहा पत्ता कोणाजवळ हाये?

रितिकाच्या वाढदिवसाले तू पाठवलेला डब्बा भेटला. नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती, पण हैदराबादेत बसून तिच्यासाठी पिझ्झ्याची भट्टी दुसरं कोण पाठवन? पोट्टी तीन वर्षांची झाली अन् तू तिले पाह्यलं नाही. डब्ब्यावर तुहा पत्ता असन म्हणून पट्ट्या जपून काढल्या, तर गोदामाचा पत्ता. फोन लावला, उचलला नाही. माहा उचलत नाही, ह्यायचा उचलत नाही. मेसेज टाकला तर एकच टिक येते. जाताना म्हणाला होता न, "बाबा आपल्या तोंडानं बोलावन तवाच येईन, मधात तू पडू नको." नाही पडली मी मधात. पण फोन तं उचलाचा.

आता हे कागद त्याच डब्ब्यात ठेवते.

मयुरी


३० एप्रिल

दादा,

भट्टी लावली. लाल रंगाची, गोल, वरचं झाकण उघडलं की आत काळा दगड. मले वाटलं दगड काढून धुवाचा असते. धुतला. मग ओला दगड तापवला तर असा आवाज झाला की यमुताई घरमालकीण वरून धावत आल्या. "अवं मयुरी, सिलेंडर का?" म्हटलं, नाही ताई, पिझ्झा. त्या म्हणे, "पिझ्झा असा ओरडते का वं?"

दगड फुटला नाही. पहिला पिझ्झा खालून कोळसा, वरून कच्चा. दुसरा त्या लाकडी फावड्यावरून उतरेच ना. फावडं हालवलं तर कांदा, चीज, वरचा हिरवा सांबार, सगळं दगडावर गेलं अन् पीठ माह्या हातात राह्यलं. यमुताईनं तसंच खरडून खाल्लं. "सांबार चांगला पडला," म्हणे.

ते पिस्तूल पाठवलं न, गरमी मोजाचं, ते रितिकानं घेतलं. मांजराले मारते, कूलरले मारते, मले मारते. "आई, तू गरम हायेस." अंक वाचता येत नाही, पण सगळ्यायले गरम ठरवून मोकळी होते.

चाकाचा सुरा मी उचलून ठेवला. तो पाहून मले तुहा पहिला सुरा आठवला. आठवते का तुले? इतवारीच्या भांडे गल्लीतून घासून पातळ झालेली एक चकती आणली होती तू, तिले खिळा ठोकून बाबाच्या विणाच्या मागाच्या लाकडाची मूठ बसवली. बाबा म्हणे, "पोट्ट्यानं धोटा चालवाले शिकाच्या वयात चाक केलं." पण हसून म्हणे. तवा बाबा हसे.

ज्या तापानं माही झडप खराब केली, त्याच तापात मी पहिला पिझ्झा खाल्ला, हे तुह्या ध्यानात हाये का? मी काहीच खात नव्हती. आईनं भात केला, पेज केली, कण्या केल्या, सगळं तसंच. तू तवा सदरच्या पिझ्झ्याच्या दुकानात टेबलं पुसाले लागला होता. आला अन् म्हणे, "मयुरे, आज तुले ते खिलवतो, जे लोकं काचेच्या आत बसून खाते." बाजूच्या बांधकामावरून रेती आणली, चाळली, कुकरमध्ये टाकली. रिंग काढली, शिटी काढली. आई ओरडली, "माह्या कुकरमध्ये रेती?" तू म्हणे, "आई, भट्टी झाली पाह्य आता." टोमॅटोचा सॉस नव्हता, म्हणून आईचा कालचा सावजी रस्सा आटवून लावला त्यावर. माह्या नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी. सगळा खाल्ला मी. आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसून राहिली अन् म्हणे, "मसाला लागला डोळ्यात."

त्या तापाले नावं ठेवाले बसली की तो पिझ्झा आठवते. मग नावं ठेवता येत नाही.

मयुरी


५ मे

दादा,

आज तुहा आवाज ऐकला.

यमुताईच्या फोनवरून लावला. नवीन नंबर पाहून तू लगेच उचलला. मागं भांड्यायचा आवाज, कोणीतरी तेलुगूत ओरडून राहिलं होतं. तू म्हणे, "हॅलो, कोण?" मी फोन कानाशी दाबून धरला. तू पुन्हा म्हणे, "हॅलो?" अन् मग हळूच, "मयुरे, तू हायेस का?"

मी फोन ठेवला.

यमुताई मले रागावल्या. "माय, सोन्यासारखा भाऊ बोलून राहिला अन् तू फोन ठेवते!" त्यायले काय सांगू. ऑपरेशनचं सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीनं आला असता. आला असता, मले पाह्यलं असतं, बाबासमोर मान खाली घालून बसला असता अन् मी बरी झाली की पुन्हा गेला असता. मरणाच्या भेवानं आलेला माणूस किती दिवस राहते? तू म्हटलं होतं, बाबाचा शब्द पाहिजे. अन् बाबाचा शब्द माह्याजवळ नव्हता.

माह्यासाठी नाही मांगत, दादा. रितिकासाठी मांगते. हे महिन्यातून अर्धे दिवस गाडीवर. माही सासू नाही, आई नाही. बाबाचं वय झालं. मले काही झालं तर ह्या पोट्टीजवळ कोण बसन? तिले मामा पाहिजे. जाणारा-येणारा नाही, घरातला मामा.

ते डॉक्टरचं 'बहुतेक' अजून गेलं नाही कानातून.

मयुरी


गोळीबार चौक
११ मे

दादा,

मी बाबाकडे येऊन राहिली. ऑपरेशनची तारीख भेटली. रितिकाले इथली सवय व्हावी म्हणून आधीच आली, भट्टीचा डब्बाही सोबत घेऊन.

घर तसंच हाये. माग नाही. मागचा उन्हाळा संपता संपता बाबानं माग काढून टाकला. कोणी शोभेसाठी हॉटेलात लावाले नेला म्हणे. पण खड्डा तसाच हाये. बाबा ज्याच्यात पाय सोडून मागाच्या पावड्या दाबे, तो खड्डा. घरात पाऊल टाकलं अन् मले पहिलं तेच दिसलं, कारण रितिका सरळ त्याच्यात उतराले गेली.

तो खड्डा पाहून तू आठवला. मे महिन्यात सगळं नागपूर भाजून निघे, ओट्यावरचं पीठ तासाभरात फसफसून वाया जाये. तूच शोधलं होतं, खड्ड्यात थंडं असते. पिठाचं गंज, ते आईचं उभं पातेलं, ओल्या फडक्यात बांधून खड्ड्याच्या कोपऱ्यात ठेवे तू. वर बाबा विणून राहिला, धोटा खट-खट, अन् खाली त्याच्या पायाशी तुहं पीठ फुगून राहिलं. बाबा म्हणे, "माह्या पायाखाली काहीतरी श्वास घेऊन राहिलं बे." आई लांब पोळीसाठी पीठ जसं हातावर, कोपरावर झुलवे, तसा तू तो गोळा झुलवे. बेलणं कधी लावलंच नाही. आई पाहे अन् म्हणे, "चार बोटं अजून जाऊ दे, फाटत नाही."

मले वाटते आई असती तर ते भांडण दारापर्यंत गेलंच नसतं. सुताले लावाच्या खळीचं गंज अन् पिठाचं गंज आईनं एका कोपऱ्यात ठेवूच दिलं नसतं.

माह्या लग्नाची करवतकाठी साडी होती ती. बाबाची शेवटची. सकाळी बाबानं गल्लीत उभ्या सुताचा ताणा पसरला, खड्ड्यातून गंज काढलं, पांढरं, घट्ट, आंबूस वासाचं, अन् कुंचीनं, त्या लांब ब्रशनं, ताण्यावर फिरवलं. खळ समजून. तू रात्री ठेवलेलं यीस्टचं पीठ होतं. ऊन लागलं तशी सुतावर फोडं आली. मग वाळलं अन् धागे एकमेकाले चिकटून काड्या झाल्या. तू धावत आला तवा बाबा हातात कुंची घेऊन उभा होता. "माह्या पोरीच्या साडीवर तुही विलायती भाकर!" अन् तूही म्हणाला न, "नाकासमोर धरलं तरी तुमाले खळ अन् पीठ समजत नाही, तर माग सोडा आता!" गल्लीतल्या सगळ्यायसमोर. बाबाले कोणी तसं बोललं नव्हतं.

लग्नात तू मागून आला, ह्यायचा कान पिळला अन् जेवण न करता गेला. एवढा जोरात पिळला की हे अजून म्हणतात, "तुहा भाऊ पिझ्झा मळते का लोखंड?"

तू गेल्यावरचं तुले माहीत नाही, म्हणून लिवते. तो ताणा बाबानं फेकला नाही. भिजवून भिजवून पीठ काढलं, अन् ते सूत साडीच्या कामाचं नव्हतं म्हणून त्याची दोरी वळली. रितिका झाली तवा तिचा पाळणा त्याच दोरीले बांधला. मी विचारलं, बाबा, ही कोणती दोरी? म्हणे, "होती घरात."

तुहं नाव घेत नाही. पण काल मी झोपेचं सोंग करून पडली होती तर बुढा ते पिस्तूल घेऊन आला, माह्या कपाळाले लावलं, अंक पाह्यला, डोळ्याजवळ नेऊन पुन्हा पाह्यला. अन् रितिकाले म्हणे, "तुह्या मायले ताप नाही. ज्यानं हे पाठवलं त्यानं चांगलं पाठवलं."

"मामानं पाठवलं," पोट्टी म्हणे.

बाबानं ते पिस्तूल फडक्यानं पुसून ठेवलं.

मयुरी


१५ मे

दादा,

आज बाबाशी माहं वाजलं.

मी म्हटलं, खड्डा बुजवा. मी दवाखान्यात असन, रितिका तुमच्याजवळ असन, तुमची नजर कमी झाली, पोट्टी पडली तर? ह्यायनं फरशीवाला ठरवून दिला, उद्या येणार हाये. बाबा खड्ड्याच्या काठावर जाऊन बसला. मी म्हटलं, "बाबा, माग गेला, आता खड्ड्याची काय पूजा कराची?"

"तुले काय करते तो खड्डा?"

"मले काही नाही करत. पोरीले करन."

"पोरीले मी पाहीन."

"कसं पाहान? गंजातलं दिसलं नव्हतं तुमाले!"

बोलून गेली. बाबा उठला अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मग मीच चहा नेऊन दिला. घेतला. म्हणे, "बुजव मग. तुहं खरं हाये."

एवढ्या लवकर मानला तर मलेच कसंतरी झालं. तुह्या पिठाची जागा मीच बुजवाले लावली. पण काय करू, दादा? लेकरू हाये. मी तिथं नसन.

उद्या भरती होते. हे कागद सोबत घेऊन जाते. डब्बा इथंच राह्यते, भट्टी राह्यते. रितिकाले सांगतलं, आई आली की पिझ्झा करू. ती म्हणे, "आजोबा करन." म्हटलं, आजोबाले येत नाही. ती म्हणे, "येते."

मयुरी


दवाखाना
१९ मे, सकाळ

दादा,

आताच उजाडलं हाये. आता थोड्या वेळानं नेतील मले. हिरवे कपडे घालून दिले, बांगड्या काढून घेतल्या, फोन ह्यायजवळ दिला. हे खाली सह्या करून राहिले. ह्यायले सगळं माहीत झालं. रागावले नाही. माहा हात धरून टेम्पोच्या क्लचबद्दल बोलत बसले.

बाबा आता येऊन गेला. यमुताई रात्रीच तिथं मुक्कामाले आल्या, रितिकाले त्यायच्याजवळ ठेवून, पहिल्या बसनं. हातात स्टीलचा डब्बा. म्हटलं, बाबा, मले काही खाता येत नाही आज. म्हणे, "खाले नाही आणला. दाखवाले आणला."

उघडला तर त्यात पिझ्झा, दादा. म्हणजे गोल होता, लाल होता, म्हणून पिझ्झा. चपटा, कडक, बैलाच्या खुरासारखा. वर कांदा अन् आईच्यासारखा सावजी मसाला.

"पोट्टी मागंच लागली," म्हणे. "मामाच्या भट्टीत कर, मामाच्या भट्टीत कर. केला मग."

"सॉस कशानं लावला एवढा सारखा?"

"कुंचीनं. नवीन होती, धुतली." मग सोताच म्हणे, "सॉसच होता. चाखून पाह्यला आधी."

मी हसली, दादा. छातीत दुखलं पण हसली. तोही हसला. मी म्हटलं, फरशीवाला काम चांगलं करून गेला का? बाबा खिडकीकडे पाहाले लागला. म्हणे, "परत पाठवला. मागाच्या उरलेल्या फळ्या होत्या, त्यायचं झाकण केलं खड्ड्यावर. वरून कडी लावली. पोट्टी नाचली तरी काही होत नाही, मी सोता उभा राहून पाह्यलं."

"काहून, बाबा?"

"काहून म्हणजे? तो आला तर पीठ कुठं ठेवन?"

मी चादरीची घडी सारखी करत राह्यली. बोलली असती तर तो उठून गेला असता. तो डब्ब्याचं झाकण लावत राह्यला, लागत नव्हतं. मग म्हणे, "मी पण तिथंच ठेवलं होतं. फडकं ओलं केलं, गंज कोपऱ्यात ठेवलं. रात्र गेली तरी फुगलं नाही, माय. तसंच दगड. त्याले विचार न जरा, पीठ काहून नाही फुगत."

"तुमीच विचारा."

"माह्याजवळ फोन कुठं हाये. तूच विचार. म्हणा, बाबानं विचारलं." अन् पायात चप्पल अडकवता अडकवता म्हणे, "घरी येऊन सांगतलं तर अजून चांगलं. फोनवर मले ऐकू येत नाही नीट."

बाबाले फोनवर चांगलं ऐकू येते. तुले माहीत हाये.

पीठ काहून नाही फुगलं हे मले माहीत हाये. यीस्टची पुडी कशी भिजवली ते मी विचारलंच नाही, तरी माहीत हाये. बाबा जन्मभर खळ करत आला. खळीले पाणी उकळतं लागते. त्यानं उकळतं पाणी टाकलं असन, अन् यीस्ट तिथंच मेलं असन. एका वाक्यात सांगता आलं असतं मले. नाही सांगतलं. ते तुहं काम हाये.

नर्स आली. कागद पुरा करते आता. उशीखाली ठेवून जाते.

हे ज्याच्या हाती लागन त्यायले सांगते. नर्सताई असाल, नाही तर माहा पलंग आवराले येणाऱ्या मावशी असाल. मी मयुरी. मी वाचली तरी, नाही वाचली तरी, माह्या भावाले एक फोन करा. संजीव नाव हाये, नंबर ह्या कागदाच्या मागं मोठा करून लिवला. माह्या फोनवरून नका करू, तुमच्याच करा, नवीन नंबर पाहून तो उचलते. आता लगेच नका करू, रात्री उशिरापर्यंत भट्टीवर असते तो, दहाच्या आधी उठत नाही. माही तब्येत आधी नका सांगू. आधी एवढंच सांगा, बाबानं विचारलं हाये, खड्ड्यात ठेवलं तरी पीठ काहून फुगलं नाही. अन् घरी येऊन सांग म्हणते.

तेवढा फोन करा जी.